केराचा आठवडा

(सोलापुरात जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुढच्या रांगांत वह्या उघडून बसलेली पोरं-पोरी दिसतायत, त्यांच्यामागं त्यांचे आई-वडील. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून आपल्याकडं ज्या घरात जावं तिथं कुणीतरी ‘डेर, डी, डास’ पाठ करतंय. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. मी २०११ पासून तिथं राहते. व्हिसा, पगार, परीक्षा यांबद्दल तुम्हाला सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज फक्त एका गोष्टीवर बोलणार आहे. तिथं गेल्यावर माणसं कशी मिळतात?

सुरुवात माझ्या आईपासून करते, कारण परमुलखात जाणं मी पहिल्यांदा तिच्याकडून ऐकलं. आई मंगळवेढ्याकडची. लग्न होऊन इथं सोलापुरात साखर पेठेत आली. अंतर म्हणाल तर एसटीनं दीड-दोन तासांचं. पण आली ती तेलुगू बोलणाऱ्या गल्लीत. सगळीकडं मागांचा खडखडाट आणि दारात ज्यांची भाषा कळत नाही अशा बायका. वडील गिरणीत पाळीला जायचे. आई सांगते, पहिले सहा महिने मी दाराच्या फटीतनं गल्ली बघायची. शेजारची बाई रोज हसायची, ‘तिन्नावा?’ म्हणायची, म्हणजे जेवलीस का. आई मान हलवायची आणि आत जायची.

मग एक दिवस ती बाई सूप मांडीवर घेऊन थेट आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. तिची पोरगी तापानं फणफणली होती, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात हजार बिड्या मोजून द्यायच्या होत्या. तिनं आईच्या हातात कात्री दिली, भिजवलेल्या पानांची जुडी दिली, पत्र्याचा साचा दिला आणि मोडक्या मराठीत म्हणाली, ‘वदिना, पानं काप.’ वदिना म्हणजे वहिनी. आईला काप म्हणजे किती, कसं, काही माहीत नव्हतं. पहिली वीस-पंचवीस पानं वाया गेली. साचा पानावर ठेवायचा, शिरेच्या बाजूनं कात्री फिरवायची, ओलसर तुकडा बाजूला टाकायचा. दुपार टळेपर्यंत हात बसला. आई आजही म्हणते, त्या दिवशी मी सोलापूरची झाले.

मला वर्षानुवर्षं वाटायचं, ही शेजारणीच्या चांगुलपणाची गोष्ट आहे. ती ‘जेवलीस का’ विचारत होती तो चांगुलपणाच होता, पण सहा महिने त्यानं काही झालं नाही. झालं ते तिनं आईकडं काहीतरी मागितलं तेव्हा. हे मला कळायला श्टुटगार्टला जावं लागलं.

माझा पहिला हिवाळा सांगते. डिसेंबरात तिथं साडेचारला सूर्य मावळतो. नवरा कामावर. इथं मी बँकेत होते, काउंटरवर दिवसाला शंभर माणसांशी बोलायची. तिथं एक दिवस संध्याकाळी लक्षात आलं, की सकाळपासून आपण तोंड उघडलेलं नाही. मी सुपरमार्केटात गेले ते दुधासाठी नाही, कॅशियरशी दोन शब्द बोलायला. वाक्य पाठ करून गेले. तिनं बिल दिलं, ‘शुभ संध्याकाळ’ म्हणाली, तोवर पुढचा माणूस आला होता. पाठ केलेलं वाक्य तसंच घरी आणलं. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. आईला फोनवर मी ‘मजेत आहे’ असंच सांगत होते, म्हणून आज इथं खरं सांगतेय.

बरं, आमच्या इमारतीत एक पाटी होती. जाडसर पुठ्ठ्याची, वर दोरी, आणि लिहिलेलं होतं ‘केरवोखे’. व्युर्टेम्बर्ग भागातला हा जुना रिवाज आहे. ‘केरन’ म्हणजे झाडणं, ‘वोखे’ म्हणजे आठवडा. पाटी ज्याच्या दारावर, त्यानं त्या आठवड्यात सगळ्यांचा जिना झाडायचा, पुसायचा, बाहेरची पायवाट साफ करायची, बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत खोऱ्यानं काढायचा. आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर अडकवायची. आपल्या मराठीत तर तो सरळ ‘केराचा आठवडा’ होतो. शब्द इतका जवळचा वाटला, की मी वहीत दोन्ही शेजारी-शेजारी लिहून ठेवले होते.

पण ते सगळं नंतर. पहिल्यांदा पाटी दारावर आली तेव्हा मला वाटलं कुणाची तरी चुकून राहिली, आणि मी ती खाली नेऊन ठेवली. दोन दिवसांनी टपालाच्या पेटीत चिठ्ठी. सही नाही, फक्त नियम लिहिलेला, खाली रेघ मारलेला. मी रडले. आपण इथं नको आहोत, असंच त्या चिठ्ठीचं भाषांतर मी केलं. मग सूड म्हणून असा लख्ख जिना पुसला की कुणी बोट दाखवू नये. दोन वर्षं तसाच पुसला. कुणी बोट दाखवलं नाही, आणि कुणी बोललंही नाही.

तिसऱ्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी बेल वाजवली. सत्तरीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या. हाताला प्लॅस्टर. बर्फावर पडल्या होत्या. त्या पाटी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना विचारणं जड जात होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाल्या, ‘सहा आठवडे माझी पाळी तुम्ही कराल का?’

मी हो म्हटलं, दार लावलं, आणि दाराला टेकून उभी राहिले. त्या देशात पहिल्यांदा कुणाचं तरी काम माझ्यावाचून अडलं होतं. साखर पेठेतला तो उंबरा, ती कात्री, सगळं त्या क्षणी डोळ्यांसमोर आलं.

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, की परक्या ठिकाणी कुणाला तोशीस देऊ नये, कुणापुढं हात पसरू नये. ते संस्कार चांगले आहेत. पण मी ते तिथं इतके कडक पाळले, की दोन वर्षांत इमारतीतल्या कुणाकडं एक स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा मागितला नाही. मला वाटायचं, त्रास दिला नाही म्हणजे आपण त्यांना आवडतो. आता मला वाटतं, जो कधीच काही मागत नाही त्याच्याकडं मागायला जायचं धाडस दुसऱ्यालाही होत नाही. पाहुण्याकडं कुणी मीठ मागत नाही. मी दोन वर्षं पाहुणी होते, आणि तशी मीच राहिले होते.

त्या सहा आठवड्यांनंतर मी मागायला शिकले. डॉक्टरांकडून आलेलं पत्र कळेना, ते घेऊन खाली गेले. चष्मा लावून त्यांनी ओळ अन् ओळ समजावली. मग त्या एकदा जड पिशवी घेऊन जिन्यात थांबल्या आणि मला हाक मारली. मीही एकदा शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले. ‘आधी दाण्याची ॲलर्जी नाही ना, ते सांगा’ असं विचारलं, कारण तिथं ते विचारावंच लागतं. त्यांनी ती लोणी लावलेल्या ब्रेडवर पसरली. मला ते बघवलं नाही, पण खाऊन बघितलं तर चांगलं लागतं.

जर्मनमध्ये आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, ‘डू’ आणि ‘झी’. इंग्रजी शिकलेल्यांना हे अवघड जातं, मराठी माणसाला जाऊ नये. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायचं ते आपण होऊन नाही, वयानं मोठ्या माणसानं सुचवायचं. खालच्या बाईंनी ते चौथ्या वर्षी सुचवलं, जिन्यातच, हातात झाडू घेऊन. तोवर मी त्यांची ‘बेकान्टे’ होते, ओळखीची. ‘फ्रॉइंडिन’, मैत्रीण, हा शब्द ती माणसं जपून वापरतात. सहकाऱ्यानं तुम्हाला मित्र म्हटलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्या हिशेबानं अजून वेळ व्हायची असते.

वेळेचं म्हणाल तर अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा अभ्यास मांडला. ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र जातात, मित्र म्हणावा असा व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आता हिशेब करा. महिन्यातून एकदा कॉफीला दोन तास भेटलात, तर २०० तासांना आठ वर्षं लागतील. म्हणून नुसत्या ‘भेटूया कधीतरी’वर तिथं विसंबू नका. तीच माणसं, तीच जागा, पुन्हापुन्हा, आणि हाताला काहीतरी काम, असं जिथं असेल तिथं जा.

तिथं अशा जागांना तोटा नाही. बाहेरून आलेल्यांसाठीचा सरकारचा वर्ग, ‘इंटेग्रात्सिओन्सकुर्स’, साधारण ७०० तासांचा असतो, ६०० भाषेचे, १०० देशाची माहिती देणारे. सातशे तास तेच चेहरे! माझ्या वर्गात सीरियाची एक शिक्षिका होती, एरिट्रियाचा एक मुलगा, रोमानियाची एक शिंपीण. आम्हा कुणालाच धड बोलता येत नव्हतं, त्यामुळं कुणी कुणाला हसत नव्हतं. शिंपिणीनं माझ्या ब्लाउजच्या बाह्या सैल करून दिल्या, मी तिचे टॅक्सचे कागद भरून दिले. आणि ‘फेराइन’. सात माणसं जमली की तिथं नोंदणीकृत मंडळ काढता येतं, आणि अशी सहा लाखांच्या वर मंडळं त्या देशात आहेत. गाण्याची, फुटबॉलची, बागेची. गावोगावची अग्निशमन दलंसुद्धा बरीचशी स्वयंसेवकांची. तिथं जाऊन खुर्च्या मांडा. कार्यक्रमाला येऊन बसणारा पाहुणा असतो. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं, हे मात्र लोकांच्या लक्षात राहतं.

भाषा हवीच. नर्सिंगला साधारण बी-टू पातळीचं जर्मन लागतं, ते तुम्ही कराल. पण जिन्यात पुस्तकातलं जर्मन बोलत नाहीत, श्वेबिश ही तिथली बोली बोलतात. पुण्याच्या माणसाला आपलं ‘काय की ओ’ ऐकून जसं होतं, तसं तुम्हाला होईल. न कळलेला शब्द तिथल्या तिथं विचारा. तेही मागणंच आहे, आणि आपली बोली कुणी विचारली की माणूस खुलतो.

मला नेहमी विचारतात, तिथं आपल्या मराठी लोकांत राहावं, की त्यांच्यापासून लांब राहावं? दोन्ही प्रकारचे सल्ले देणारे भेटतात. मला हा प्रश्नच सोलापुरात बसून पटत नाही. आपल्या पद्मशाली विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात तेलुगू ठेवली, तेलुगू शाळा चालवल्या, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ काढला. म्हणून ते कमी सोलापूरकर झाले का? जिच्या नावानं हे शहर ओळखलं जातं ती चादर त्यांच्याच मागांवर विणली गेली. १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले आपले चार हुतात्मे आठवा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. ही नावंच सांगतात की या शहरानं कुणाला भाषा नि देव सोडून ये म्हटलं नाही. तुम्ही गणपती बसवा, मंडळात जा, पोटभर मराठी बोला. फक्त सगळे २०० तास तिथंच खर्चू नका.

आणि भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकात जाऊन या. शाळेच्या सहलीत गेला असाल, आता जाण्याआधी पुन्हा जा. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात चीनला निघाले तेव्हा २७ वर्षांचे होते. पाच डॉक्टरांच्या पथकातले एक. चिनी शिकले, चिनीतनं शिकवू लागले. पाचही जणांनी चिनी नावं घेतली, प्रत्येकाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन. १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याच वर्षी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिन्हुआ, यिन म्हणजे भारत. ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथंच गेले, ३२ व्या वर्षी. वीरपुरुष म्हणून त्यांची गोष्ट आपण सांगतोच. मला त्यात दिसतो तो आपल्या गावातला एक तरुण डॉक्टर, ज्याच्याकडं तिथली माणसं हक्कानं काम घेऊन येत राहिली.

मागं बसलेल्या आई-वडिलांना एकच विनंती. फोनवर ‘जेवलास का’ विचारताच, ते विचाराच. त्याला जोडून ‘कुणाबरोबर जेवलास’ हेही विचारा. उत्तर यायला उशीर लागला तर रागावू नका, आणि तो ‘मजेत’ म्हणाला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

आता मला थांबायला हवं. या आठवड्यात पाटी माझ्या दारावर आहे आणि मी इथं, म्हणजे जिना खालच्या बाई पुसतायत. ऐंशी उलटल्यात. मी निघताना म्हटलं, राहू दे, मी आल्यावर करीन. तर म्हणाल्या, ‘तू ते बघू नकोस. येताना मला तशीच चादर आण, मोराची, लाल. मागची माझ्या बहिणीनं नेली.’ लाल मोर कालच्या दोन दुकानांत नव्हता. चाटी गल्ली बंद व्हायच्या आत मला आणखी दोन दुकानं बघायची आहेत.