उरलेल्या मातीचा हिशेब

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आधी ही डबी उघडतो. आत गॅसबत्तीचं जुनं मॅन्टल आहे. वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन चालणारी माणसं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्या बत्तीतली ही पांढरी जाळीदार पिशवी. हिच्यात थोरियम असायचं, समुद्रकाठच्या मोनाझाइट वाळूतून काढलेलं. मीटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, जवळ नेतो, ऐका. हा कडकडाट थोरियमचा. आता मीटर आपल्या काळ्या दगडावर धरतो. अधूनमधून एखादीच टिक. ती रिकाम्या टेबलावरही येत होती. हा तिसरा तुकडा ओट्याच्या लाल ग्रॅनाइटचा, इथे टिकटिक जराशी वाढली.

म्हणजे किरणोत्सार फक्त अणुभट्टीत जन्मतो असं नाही. युरेनियम, थोरियम पृथ्वीच्या जन्मापासून खडकांत आहेत. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बसाल्टमध्ये, ते फार थोडे. खडक जमिनीत पडून आहे तोवर कुणाला त्रास नाही. आपण तो खणतो, दळतो, आम्लात भिजवतो, हवं ते काढून घेतो आणि उरलेलं बाजूला टाकतो. या उरलेल्याबद्दल आज बोलायचंय.

झारखंडमधल्या जादुगुड्याला १९६७ साली युरेनियमची खाण सुरू झाली. तिथल्या टनभर खनिजात युरेनियम असतं अर्ध्या किलोच्या आसपास. बाकी सगळा गाळ. आणि लोकांना पटत नाही ती गोष्ट अशी, की युरेनियम निघून गेलं तरी खनिजातला सुमारे ८५ टक्के किरणोत्सार त्या गाळातच राहतो. युरेनियमच्या पोटी जन्मलेली थोरियम-२३०, रेडियम ही मंडळी तिथेच असतात. रेडियमचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १६०० वर्षं. ते थोरियम रेडियम घडवत राहतं, त्याचा अर्धायुष्यकाल ७५ हजार वर्षं. रेडियमपासून रॅडॉन होतो, आणि तो वायू आहे. मातीच्या फटींतून वर येतो, बंद खोलीत साठतो, श्वासाबरोबर फुप्फुसात जातो. सिगारेट-विडीनंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं हे मोठं कारण मानलं जातं.

मग या गाळाचं करायचं काय? जादुगुड्याला जाडसर भाग खाणीच्या पोकळीत परत भरतात. बारीक गाळ बांध घातलेल्या तलावात जातो. पाण्यात चुना आणि बेरियम क्लोराइड घालून रेडियम खाली बसवतात. तलाव भरला की वर मातीचा थर. ऐकायला सोपं वाटतं, पण बांध फुटला तर काय होतं ते १६ जुलै १९७९ ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉकला दिसलं. ३५ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी आणि हजारावर टन गाळ पुएर्को नदीत गेला. त्या नदीवर नवाहो या तिथल्या आदिवासी लोकांची मेंढरं पाणी पीत होती.

त्याच्या आदल्याच वर्षी तिथे कायदा झाला होता. गाळावरचं आवरण शक्यतो १००० वर्षं आणि कमीत कमी २०० वर्षं टिकलं पाहिजे, असं त्यानुसार ठरलं. हा आकडा मी वाचला तेव्हा मला आपला सिद्धेश्वर तलाव आठवला. बाराव्या शतकातला. आज तो आहे, कारण पिढ्यान् पिढ्या कुणीतरी त्याची काळजी घेतली, दर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला माणसं जमली. तलाव बांधणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या काळी शंभर भाग रेडियम पुरून ठेवलं असतं, तर आज त्यातलं सत्तर भाग शिल्लक असतं. तलावाची आठवण राहते, कारण लोकांना तो हवा असतो. गाळाच्या ढिगाची आठवण कोण ठेवणार? मला या विषयातली सगळ्यात अवघड अडचण हीच वाटते.

आठवण पुसायला हजार वर्षं लागतच नाहीत. कोलोरॅडोत ग्रँड जंक्शन नावाचं शहर आहे. तिथल्या युरेनियम गिरणीची उरलेली वाळू बारीक, स्वच्छ, आणि मिळायची फुकट. पन्नास-साठच्या दशकांत लोकांनी ती घरांच्या पायाखाली भरली, गिलाव्यात घातली. पुढे घराघरांत रॅडॉन सापडला आणि चार हजारांवर जागा उकरून साफ कराव्या लागल्या.  कुठल्या घरात ती वाळू गेली, याची पुरती नोंद नव्हती.

आता आपल्या दाराशी या. फताटेवाडीला १३२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. कोळसा जळतो, त्यातले युरेनियम-थोरियम जळत नाहीत. ते राखेत अडीच-तीन पटींनी दाट होतात. ही बघा, तळहातावर घेतलीय, पिठीसाखरेसारखी मऊ. हिचे कण म्हणजे काचेचे सूक्ष्म मणी आहेत, त्यामुळे रेडियम आत अडकतं आणि रॅडॉन फारसा बाहेर येत नाही. आंतरराष्ट्रीय रेषा आहे ग्रॅममागे १ बेकरेलची, म्हणजे सेकंदाला एक अणू फुटण्याची, राख सहसा तिच्या बरीच खाली असते. राखेच्या विटांना घाबरू नका. मला जास्त काळजी वाटते ती उघड्या राखेच्या धुळीची आणि तिच्यातून पाण्यात उतरणाऱ्या आर्सेनिकसारख्या विषारी मूलद्रव्यांची.

फॉस्फोजिप्समचं, म्हणजे खत कारखान्यात उरणाऱ्या जिप्समचं, गणित वेगळं आहे. खतासाठी रॉक फॉस्फेट हा दगड सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात. टनभर फॉस्फोरिक आम्लामागे सुमारे पाच टन जिप्सम उरतं. युरेनियम बहुतेक आम्लाबरोबर जातं, रेडियमचा ऐंशी टक्के भाग जिप्सममध्ये राहतो. आणि कुठल्या देशाचा दगड वापरला, त्यावर रेडियमचं प्रमाण ठरतं.

व्याख्यान सुरू होण्याआधीच मोहोळकडच्या एका दादांनी मला गाठलं. उसाला पाणी देऊन देऊन त्यांची जमीन चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट, झालीय. "सर, जिप्सम टाकतोय मी. टाकू का नको?"

टाका दादा. हिशेब सांगतो. एकराच्या वरच्या अर्ध्या फूट मातीचं वजन आठशे टनांच्या घरात जातं. त्यात तुमचं टनभर जिप्सम म्हणजे आठशेवा हिस्सा. जमीन सुधारते, हा फायदा खरा आहे. मात्र माती परीक्षणात सांगितलंय तेवढंच टाका, दरवर्षी सवयीनं नको. दुकानदाराला विचारा, हे खाणीतलं जिप्सम की खत कारखान्यातलं? कारखान्याचं असेल तर रेडियमची तपासणी झालीय का, त्याचा कागद मागा. एकट्यानं मागितलात तर तो हसेल, सोसायटीनं मागितला तर आणून देईल. उरलेल्या पिशव्या घराच्या जोत्यात किंवा कोबाखाली भरू नका. शेतात ते आठशे टनांत मिसळतं, घरात तुमच्या अंथरुणाखाली राहतं.

आणि तुमच्या खताच्या वहीत एक रकाना वाढवा: कुठल्या शेतात, कुठल्या साली, किती पिशव्या, कुठून आणल्या. मुलगा शेती करणार नसला तरी ती वही त्याच्याकडे द्या.