बिभा चौधुरी आणि काचेवरची ठिपक्यांची रांग

श्रोतेहो, नमस्कार. गेटवे ऑफ इंडियाजवळची जुन्या यॉट क्लबची इमारत तुम्ही येता-जाता पाहिली असेल. 1949 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था तिथं आली आणि त्याच वर्षी होमी भाभांनी भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींना संस्थेत घेतलं. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. त्यांचं सगळ्यात मोलाचं काम मात्र त्याआधीचं, कलकत्त्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधलं.

देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर वैश्विक किरणांतले, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांतले, कण टिपायला त्यांनी फोटोच्या काचा वापरल्या. विद्युतभारित कण काचेवरच्या जिलेटिनच्या थरातून गेला की वाटेतल्या सिल्व्हर ब्रोमाइडवर परिणाम होतो. काच डेव्हलप केली की सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांची रांग दिसते. उंचावर हे किरण जास्त, म्हणून काचा दार्जिलिंगला आणि 3600 मीटरवरच्या संदकफूला महिनोन्महिने ठेवल्या. मग डोळे फोडून मोजायचं ते दोन ठिपक्यांमधलं अंतर, आणि रांग किती ठिकाणी, किती अंशांनी वळली ते. ठिपके सारखेच दाट असतील तर हलक्या कणाची वाट प्रोटॉनपेक्षा जास्त वळते. ही दोन मापं जुळवली की वस्तुमान निघतं. ते आलं इलेक्ट्रॉनच्या सुमारे 200 पट. या कामाचे निबंध ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात 1941 आणि 1942 साली छापून आले.

अडचण काचांची होती. त्या हाफ-टोन, कमी संवेदनशील. वेगवान कणाची खूण त्यांच्यावर उमटतच नसे. ठिपके विरळ, म्हणून मापातली चूक मोठी. शिवाय काच फार दिवस ठेवली की डेव्हलप करण्याआधीच जुन्या खुणा पुसट होतात. जास्त संवेदनशील अशा फुल-टोन काचा युद्धामुळे इथं मिळेनात. 1947 साली ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या गटानं सुधारित थर वापरून पायॉन हा असाच इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधल्या वस्तुमानाचा कण शोधला. 1950 चं नोबेल पॉवेलना मिळालं. असे कण काचेवर प्रोटॉनपासून वेगळे ओळखण्याची शक्यता बोस आणि चौधुरींनी आधी दाखवली होती, हे पॉवेल यांनी आपल्या ग्रंथात नोंदवलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती ओळसुद्धा नसावी, हे मला फार लागतं.

2019 साली एका ताऱ्याला ‘बिभा’ नाव मिळालं. मार्च-एप्रिलच्या रात्री सिंह राशीतला मघा तारा शोधा, हात लांब करून तिथून दक्षिणेला दीड मूठ खाली या. तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मुंबईच्या उजेडात तो सापडणं कठीण. वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी, अमावास्येच्या आसपास, स्टँडवर घट्ट बसवलेली दुर्बीण घेऊन जा.