दोन पॉइंट दहाचा भाव

शनिवारची रात्र, साडेआठ वाजलेत, डिचोलीच्या बाजारातल्या या दुकानाचं शटर अर्धं खाली आणि आत टीव्हीवर इंग्लंडमधल्या लीगची मॅच आता सुरू होईल. गोव्यात फुटबॉल घरचाच. इथल्या धेंपो क्लबनं पाच वेळा देशाची लीग जिंकली, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवाची मॅच असली की इथली पोरं गाड्या भरून जातात, त्यामुळं "मला फुटबॉल कळतो" असं इथं कुणी म्हणालं तर तो खोटं बोलत नसतो. पण मॅच कळणं वेगळं आणि भाव कळणं वेगळं.

ही वही बघा. माझ्या मावसभावाची आहे. दोनशे पानी, निळ्या पेनानं चार रकाने आखलेत, मॅच, भाव, माझे टक्के, निकाल. त्याचं म्हणणं, टीम जिंकेल का हे विचारायचंच नाही, भाव चुकलाय का ते विचारायचं, यालाच व्हॅल्यू म्हणतात. भाव २.१० म्हणजे शंभर लावले तर जिंकल्यावर २१० हातात. १ ला २.१० नं भागा, ४७.६ टक्के येतात, तेवढ्या वेळा जिंकलं की ना नफा ना तोटा. आणि टीम खरंच ५० टक्के वेळा जिंकणार असेल तर शंभरामागं सरासरी पाच रुपये आपले. हिशोब बरोबर आहे, आवडती टीम म्हणून डोळे झाकून लावण्यापेक्षा कितीतरी शहाणा आहे.

पण ते ५० आले कुठून? खरे ४७ असतील तर पाच मिळायचे राहिले बाजूला, शंभरामागं एक रुपया तीस पैसे खिशातून जातात. तीन टक्क्यांचा सगळा खेळ, आणि मॅच बघून एवढं बारीक कुणाला सांगता येतं? त्यात बुकीचा कट वेगळाच. जिंकणं २.१०, ड्रॉ ३.४०, हरणं ३.६०, तिन्हीचे टक्के काढून बेरीज करा, १०४.८ येते. शंभराच्या वरचं ते त्याचं.

लोक इंग्लंडच्या लेस्टर सिटी या टीमचं उदाहरण देतात. सीझन सुरू होताना भाव ५००० ला १, आणि २ मे २०१६ ला प्रीमियर लीगची चॅम्पियन. पण एकदाच घडलेल्या गोष्टीवरून भाव चुकला होता की नशीब फळफळलं हे कसं ठरवणार?

आता हे दहाचं नाणं. छापा आला तर ११० मिळणार, काटा आला तर १०० जाणार. इथं व्हॅल्यू पक्की आहे, वादच नाही. शंभर वेळा उडवा. तरीही असं उडवणाऱ्या दहातले तीनेक जण शेवटी तोट्यातच असतील, आणि मधे कुठंतरी सलग सहा काटे येण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त. १९५६ साली जॉन केली या अमेरिकी संशोधकानं मांडलेल्या सूत्रानं बघितलं तर या नाण्यावरसुद्धा एका वेळी जवळच्या पैशांच्या साडेचार टक्क्यांहून जास्त लावू नये, दहा हजार असतील तर साडेचारशे.

वहीचं हे पान जवळून बघा. सलग सहा हरल्यात. इथून अक्षर बदललंय, लावलेले पैसे ५०० चे २००० झालेत, आणि "माझे टक्के" हा रकाना रिकामाच. मला हे पान बघवत नाही. हिशोब चुकला म्हणून नाही, हिशोब सोडला म्हणून पैसे गेले, आणि सलग हरल्यावर माणूस तो सोडतोच.

जिंकत राहिलात तरी परदेशातल्या बऱ्याच परवानाधारक बेटिंग कंपन्या अशा खात्यांची पैसे लावायची मर्यादा कमी करतात. आपल्याकडं मांडवीतल्या कॅसिनोंना परवाना आहे, पण ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केलेत, मग बुकीनं पैसे बुडवले तर दाद कुठं मागणार?

भाऊ आता पैसे लावत नाही. वही मात्र चालू आहे, मी त्याला पाचवा रकाना आखून दिला, मॅच सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा भाव. आपण २.१० ला लिहिलं आणि तो खाली येऊन १.९५ झाला तर बाकीच्या लावणाऱ्यांचा बाजारही आपल्याच बाजूनं होता, वर गेला तर नव्हता. आज त्यानं दुपारी २.१० लिहिले होते. आता, मॅचच्या आधी, २.२५. तो काही बोलला नाही, लाल पेन काढून त्या आकड्याभोवती गोल केला आणि खुर्ची टीव्हीकडं वळवली.