‘पाण्याजवळ’ हा काय पत्ता झाला?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून मी. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न धो धो आलाय: ‘ताई, पळवून नेलेल्या माणसाचा ठावठिकाणा अतींद्रिय शक्तीने कळतो का हो?’

पद्धती तुम्हाला ठाऊकच आहेत. फोटोवर हात ठेवायचा, नकाशावर लंबक धरायचा, अंगातला शर्ट मागायचा, डोळे मिटून ‘दिसतंय’ म्हणायचं. झालं.

आता नीट ऐका. दिसतं काय? ‘पाणी दिसतंय, झाडं दिसतायत.’ अहो, हा गोवा आहे! मांडवी, जुवारी, खाजनं, तळी, परसातली विहीर. पाणी नसलेला वाडा दाखवा, चॅनल बंद करते.

आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, एकदा दुपारी निघाले ते रात्रीपर्यंत आलेच नाहीत. कुणीतरी पळवलं, हे मावशीच्या डोक्यात पक्कं बसलं. एक बघणारा, म्हणजे असाच डोळे मिटून सांगणारा, म्हणाला, ‘पूर्वेला, पाण्याजवळ.’ माझा भाऊ टॉर्च घेऊन तीन तास कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, पाट तुडवत होता. काका सापडले बसस्टँडवर, पश्चिमेला. बघणारा म्हणतो, ‘स्टँडवर नळ आहे ना?’ मेख इथेच आहे. माणूस आधी सापडतो, नळ मागाहून आठवतो.

बरं, शब्द अचूक निघाला तरी? इटलीत १९७८ साली माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं अपहरण झालं. २ एप्रिलला काही प्राध्यापक प्लँचेटला बसले. पुढे पंतप्रधान झालेले रोमानो प्रोदी त्यांत होते. नाव आलं ‘ग्रादोली’. पोलिसांनी ग्रादोली गाव पालथं घातलं, आणि अड्डा होता रोममधल्या ग्रादोली रस्त्यावर! तो १८ एप्रिलला उघडकीस आला, तोही फ्लॅटमधून पाणी गळतंय म्हणून. (आलंच पाणी!) ९ मेला मोरोंचा मृतदेह मिळाला. ते नाव कुणी आतल्या माणसाने दिलं आणि वर प्लँचेटचं पांघरूण घातलं, असा संशय तिथे आजही घेतात.

एक कमेंट: ‘विचारून बघायला काय जातं?’ इथे माझं डोकं सटकतं. २००४ साली अमेरिकेत सिल्व्हिया ब्राऊन बाईंनी टीव्हीवर एका आईला सांगितलं, तुमची मुलगी जिवंत नाही. आई २००६ मध्ये गेली. मुलगी २०१३ मध्ये क्लीव्हलंडच्या एका घरातून जिवंत बाहेर आली. हे जातं.

‘मग देवाचा कौलही घ्यायचा नाही?’ घ्या की. माझी आई घेते, मूर्तीला लावलेली उजवी पाकळी पडली की तिला धीर येतो. पण आधी पोलिसांना ११२ लावा, मूल असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ पण. तक्रारीसाठी २४ तास थांबायचा नियम आपल्याकडे नाही. आणि बघणाऱ्याकडे गेलातच, तर तो काय म्हणाला ते तिथेच कागदावर उतरवा, तारीख-वेळ घाला, सही घ्या. कुठलं गाव, कुठला वाडा, कितवं घर. पाणी चालणार नाही.

काका बरे आहेत. ‘हरवलो कुठे? बसची वाट बघत होतो,’ असं अजून म्हणतात.