जिना चढून जायची बाग

श्रोतेहो, नमस्कार.

बागेत आपण फाटकातून शिरतो. आज ज्या बागेबद्दल बोलणार आहे, तिथे जिना चढून जावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या पश्चिम भागात, रस्त्यापासून सुमारे ९ मीटर उंचीवर मालगाड्यांचा एक जुना पूल आहे. हाय लाइन म्हणतात त्याला, आणि ही बाग त्याच पुलावर आहे. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये या बागेचा उत्तरेकडचा टप्पा खुला झाला आणि पुढच्याच महिन्यात मी ती दक्षिण टोकापासून पालथी घातली.

पूर्वी या मालगाड्या चक्क भर रस्त्यातून धावत. गाडीखाली इतकी माणसं गेली, की दहाव्या अ‍ॅव्हेन्यूला लोक ‘डेथ अ‍ॅव्हेन्यू’ म्हणू लागले. लोकांना सावध करायला गाडीपुढे घोडेस्वार लाल बावटा घेऊन जात असे. आगगाडीला वाट करून द्यायला घोडा, म्हणजे बघा! १९३४ साली गाड्या पुलावर गेल्या आणि थेट गोदामांच्या वरच्या मजल्यांत शिरू लागल्या. पुढे ट्रकांनी माल पळवला. १९८० मध्ये शेवटची गाडी गेली, गोठवलेल्या टर्की कोंबड्यांचे तीन डबे घेऊन.

त्यानंतर वर फारसं कुणी फिरकलं नाही. खडीत धूळ साचली, वाऱ्याने बी आणलं, रान माजलं. खालचे जागामालक पूल पाडा म्हणून मागे लागले होते. १९९९ साली एका सभेत जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड हे दोन अनोळखी रहिवासी योगायोगाने शेजारी बसले आणि पूल वाचवायला उभे राहिले. छायाचित्रकार जोएल स्टर्नफेल्ड यांनी वरच्या रानाचे फोटो काढले, तेव्हा कुठे लोकांना कळलं, आपल्या डोक्यावर काय उगवलंय ते.

मला गंमत वाटली ती पुढची. रूळ खुणा करून उचलले, पूल दुरुस्त केला आणि पुष्कळसे रूळ पुन्हा होते तिथेच ठेवले. पीट आउडॉल्फ या डच बागकाराने त्या रानाची ठेवण डोळ्यांसमोर ठेवून नवी लागवड केली. चालायच्या काँक्रीटच्या फळ्यांची टोकं कंगव्याच्या दातांसारखी निमुळती होतात आणि मधून गवत वर येतं. मी गेले तेव्हा सगळं वाळत आलं होतं. काळी बोंडं, पिवळे तुरे. शिस्तीचा माळी कात्री घेऊन धावलाच असता! इथे वाळलेल्या काड्या हिवाळाभर तशाच ठेवतात.

गर्दी मात्र विचारू नका. अरुंद वाट, दर दहा पावलांवर फोटो. त्याहून खटकतं ते असं, की बाग झाली आणि आसपासच्या जागांचे भाव गगनाला भिडले. शेजारच्या सरकारी घरांतल्या लोकांसाठी आपण कमी पडलो, हे पुढे खुद्द हॅमंड यांनीच कबूल केलं.

तिसाव्या रस्त्यानंतर नव्या टप्प्यात गर्दी विरळ झाली. इथे वाट साधी, आणि शेजारी जुने रूळ, त्यांत आपोआप उगवलेलं ते जुनंच रान. खाली यार्डात लोकल गाड्या ओळीने उभ्या होत्या. दोन रुळांमध्ये एक झुडूप माझ्या कमरेइतकं वाढलेलं. नाव विचारावं म्हणून मी इकडेतिकडे माळी शोधला. कुणी नव्हता.