दंडावरचा वण

श्रोतेहो, नमस्कार. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून लस नाकारता येते का, आणि सक्ती कुठवर करावी, हा आजचा विषय. साठी ओलांडलेल्यांनी जरा आपला दंड चाचपून पाहा. देवी काढल्याचा, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचल्याचा, वण सापडेल. तो उमटवताना तुम्हाला कोणी विचारलं होतं? देवी निर्मूलनाच्या शेवटच्या मोहिमेत काही ठिकाणी तर दार तोडून, माणसाला धरून लस टोचली गेली. १९७५मध्ये देवी देशातून गेली. ते धरून टोचणं मला आजही पटत नाही, आणि देवी गेल्याचा आनंदही लपवता येत नाही.

दीक्षाभूमीच्या गावात सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य काय असतं, हे मी वेगळं सांगायला नको. पण ते देणारं संविधानाचं कलम २५ सुरुवातीलाच अट घालतं: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. यातला ‘आरोग्य’ हा शब्द आपण वाचताना गाळतो. सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ला सांगितलं की कोणालाही बळजबरीनं लस देता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालायची मुभा मात्र सरकारला ठेवली.

इथून जवळच, सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींचा देवीच्या लशीला विरोध होता. पण नाकारणाऱ्यानं कायद्याची शिक्षाही सोसावी, असं ते म्हणत. हे मला पटतं. अडचण एवढीच, की गोवराच्या बाबतीत भोगणारा दुसराच निघतो. आपल्याकडे गोवराचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. शेजारचं सात महिन्यांचं बाळ तोवर तुमच्या-माझ्या मुलांच्या लशीच्या भरवशावर असतं. रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हा विषाणू हवेत टिकतो, म्हणून शंभरातल्या ९५ जणांना तरी लस मिळालेली हवी.

मग सक्ती कुठवर? सुई घेऊन कोणाच्या मागे धावू नये. साथ सुरू असेपर्यंत लस न घेतलेल्या मुलाला शाळेनं घरी थांबवलं, तर मात्र मी तक्रार करणार नाही.

आणि खरं सांगू? नकार देणाऱ्या सगळ्याच घरांत सदसद्विवेक आड येत नाही. दारातली आई म्हणते, “पोराले ताप येते न ताई, मंग रातभर कोन जागीन?” आशाताई तापाचं औषध कसं द्यायचं ते समजावते, पायरीवरच बसते आणि म्हणते, उद्या सकाळी मी येऊन पाहते.