सांडपाण्याच्या आराखड्याची फी कशी ठरवावी?

मंडळी, सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या दिवशी पेठेत पाणी सुटतं, त्या दिवशी पिंपांतलं शिळं पाणी ओतलं जातं, साठलेलं धुणं निघतं आणि ड्रेनेजचं चेंबर दणदणीत वाहतं. दोन दिवसांनी त्याच चेंबरमध्ये गाळावरून नुसता ओहळ सरकत असतो. भुयारी गटाराचा आराखडा करणाऱ्यानं हे दोन्ही दिवस मोजायला हवेत. आणि मोजायला पैसे लागतात.

न मोजताही आराखडा होतो, अडचण तीच आहे. सीपीएचईईओ या पाणी-सांडपाण्याचे निकष ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या नियमावलीतले आकडे घ्या: माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात. २०११च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८. गुणाकार केला की दिवसाला सुमारे १० कोटी २८ लाख लिटर सांडपाणी. त्यावर पुढच्या ३० वर्षांची वाढ चढवली की पाइपाचा व्यास तयार! पण पाइप गरजेपेक्षा मोठा झाला, तर सुरुवातीच्या वर्षांत सेकंदाला ०.६ मीटर एवढा किमान वेगही मिळत नाही. गाळ बसतो, गटार तुंबतं.

आता फी बघा. प्रकल्पखर्चाच्या टक्क्यानं फी दिली की काय होतं? समजा १०० कोटींची योजना, फी १ टक्का. आराखडा करणाऱ्या सल्लागारानं नीट मोजून ८० कोटींत भागतं असं दाखवलं, तर त्याचे २० लाख बुडाले. शहराचे २० कोटी वाचवणाऱ्यालाच आपण दंड करतो. हे मला कधीच पटलं नाही.

उलट, नुसता सर्वांत कमी दर बघितला की मोजणी मरते. एका शहराचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. ओळीनं चाळीस चेंबरची खोली १.२ मीटर. रस्ता चढतोय, उतरतोय, खोली मात्र तीच. मी सल्लागारावर चिडलो. मग मंजूर दर पाहिला. त्या पैशांत एकही झाकण उघडणं परवडलं नसतं. डांबराखाली गेलेलं झाकण शोधण्यातच तास मोडतो. ते पहारीनं उचलायचं, आतला वायू जाऊ द्यायचा, गॅस मीटर सोडून बघायचा, मग वरूनच स्टाफ, म्हणजे खुणांची लांब मोजपट्टी, टेकवून तळाची लेव्हल, म्हणजे उंची, घ्यायची. माणूस खाली उतरवायचा नाही, कधीच नाही.

म्हणून माझं म्हणणं, दोन कामांचे पैसे वेगळे ठेवा. मोजणीला नगावर दर: किती चेंबर, किती किलोमीटर लेव्हल, किती ठिकाणी किती दिवस प्रवाहमापन. मोजमापवहीत नोंद करा आणि झालं तेवढ्याचंच बिल काढा. आराखडा आखणाऱ्या अभियंत्यांना मात्र ठोक रक्कम द्या. किती माणसं, किती महिने, हे महापालिकेनं निविदेआधी स्वतः मांडावं. अंदाजपत्रक वाढो की घटो, ती रक्कम बदलायची नाही. निवड करताना गुणवत्तेला दराच्या जोडीनं गुण द्या. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत तशी पद्धत आहे. आणि मोठा हप्ता फक्त मंजुरीवर अडकवू नका, नाहीतर जे मंजूर होतं तेच लिहिलं जातं.

सोलापूरपुरतं सांगतो. निविदेत ‘प्रवाहमापन – एक दिवस’ असं लिहू नका. त्या भागाची पूर्ण पाणीपाळी, म्हणजे एकदा पाणी सुटल्यापासून पुन्हा सुटेपर्यंतचे सगळे दिवस, लिहा, आणि पावसाळ्यातले काही दिवस वेगळे धरा. पावसाचं पाणीही चेंबरमध्ये शिरतंच.